तंगूस तुटतो कुठे

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं, कारण पोरगी काडीसारखी आणि प्रश्न टोचणारे. पुढे ती शिवणकामात पडली आणि नाव असं चिकटलं, की पन्नाशी उलटली तरी गिऱ्हाइकंसुद्धा तिला टाचणीताईच म्हणत.

दादाचं बंदराच्या भिंतीमागे मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. गळ, काठ्या, शिशाची वजनं आणि भिंतभर तंगूसाची रिळं. तंगूस म्हणजे गळाला बांधायचा नायलॉनचा एकेरी, काचेसारखा धागा. एका सकाळी वरच्या फळीवरचं खोकं काढताना दादा शिडीवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. हंगाम तर तोंडावर आलेला. टाचणीने मशीन झाकून ठेवलं आणि दुकानाची किल्ली घेतली.

"मागतील ते द्यायचं," दादाने पलंगावरून बजावलं. "उगाच चौकशा करत बसू नकोस. तंगूस मागितला की जाडा दे. जाडा तुटत नाही, तक्रार येत नाही."

"मग बारीक ठेवलाच कशाला?"

"झाली सुरू!" दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुकानात बसल्या बसल्या टाचणी रिळं चाचपायची. एक केसाएवढं, एक चपलेच्या टाक्याएवढं, मधे नाना जाडीची. रेशमाला गोणपाटाचा दोरा चालत नाही हे तिला ठाऊक होतं. पण पाण्याचं कापड कसं ओळखायचं?

तेवढ्यात पोस्टमनकाका आले. नोकरी संपल्यापासून त्यांचा मुक्काम पाण्याकाठीच असे. टाचणीने दादाच्या शब्दाला जागून त्यांना जाडा तंगूस दिला. चार दिवसांनी काका परत हजर.

"ताई, हा धागा आहे की गादीतली स्प्रिंग? रिळावरून सुटला की वेटोळी वेटोळी. गळ फेकला तर माझ्याच पायाशी पडतो. आणि तळ्याचं पाणी इतकं नितळ, की मासे धागा बघून पाठ फिरवतात."

टाचणीने चूक कबूल केली आणि बारीक रीळ दिलं. काका खुशीत गेले. पुढच्या वेळी आले ते तोंड पाडून.

"हातातोंडाशी आलेला मासा गेला! माल कच्चा आहे तुमचा."

"तळ्यावर?"

"छे! तिथे झकास चालला. म्हणून काल खडकांवर नेला."

"तुटलेलं टोक आहे का?"

काका बघतच राहिले. आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून गुंता काढला. टाचणीने सुईत दोरा ओवायचं भिंग डोळ्याला लावलं. टोक मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखं पिंजारलेलं होतं, आणि त्याच्या मागेही वीतभर धागा खरखरीत लागत होता.

"काका, हा ओढून तुटलेला नाही. घासून तुटलाय. मला ती जागा दाखवाल?"

दुसऱ्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, दोघं खडकांवर गेले. टाचणीने साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात उतरून कडांवरून बोट फिरवलं. तिथे चिकटलेले शिंपले ब्लेडसारखे धारदार. लाट आली की धागा त्यांच्यावरून पुढेमागे करवतला जाणार. म्हणजे इथे जाडा तंगूस हवा तो माशाच्या ताकदीसाठी नाही, तर दगडासाठी!

झालं, तिला नादच लागला. तंगूस तुटला की टोक घेऊन या, असं तिने प्रत्येकाला सांगून ठेवलं. एकाचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं निघालं. घरी तसंच वळण आणायला ती गाठी मारून मारून ओढत बसली. कोरडी गाठ आवळताना तापून निसटायची आणि टोकाला नेमका तोच पीळ राहायचा. थुंकी लावून आवळली की गाठ धरून ठेवायची. वाळूच्या किनाऱ्यावरून लांब गळ फेकणाऱ्यांचा धागा फेकतानाच तटकन तुटायचा. त्यांना तिने रिळावर बारीक आणि पुढे जाड्याचा तुकडा जोडायला सांगितलं. लांब जायला बारीक, वजनाचा झटका सोसायला जाडा.

"तुझं हे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे," दादा म्हणाला. पण पलंगावरच्या माणसाला करमत नसतं. हळूहळू तोच संध्याकाळी विचारू लागला, "आज कोणाचं टोक आलं?"

प्लास्टर निघालं तसं दादाला दुकानात यायची घाई झाली. टाचणी मात्र त्याला आधी तळ्यावर घेऊन गेली. पोस्टमनकाकांनी आपली काठी दिली. दादा काठावरच्या घडीच्या खुर्चीत, कुबड्या आडव्या टाकून. टाचणीने सर्वांत बारीक तंगूस लावला. तिने आजवर कधी गळ टाकला नव्हता, आणि गंमत अशी, की दादानेही या तळ्यात कधी टाकला नव्हता. तो खडकांवर वाढलेला गडी.

बराच वेळ काही हललं नाही. मग काठी एकदम वाकली.

"ओढ! ओढ ना!" दादा ओरडला.

"ओढला तर तुटेल!"

"मग काय नुसती बघत बसणार?"

"त्याला जाऊ दे. दमू दे जरा."

तिने रिळाचा दाब सैल केला. धागा सरसर सुटला. मासा थांबला की ती थोडा गुंडाळायची, तो पळाला की सोडायची. धागा ताणला जातोय, वाढतोय, पुन्हा आखडतोय, हे तिला बोटात कळत होतं. असं काही भिंगातून दिसलं नव्हतं. काकांनी जाळी लावली आणि हातभर लांबीचा, रुपेरी पोटाचा मासा वर आला.

दादा कुबडीला धरून उठला, लंगडत पाण्यापाशी आला, ओल्या धाग्याला हात लावून बघितलं. मग म्हणाला, "टाचणे, ती काठी इकडे दे."

संध्याकाळपर्यंत त्याने दोन तंगूस तोडले आणि मासा एकही धरला नाही. परतताना त्याने पुढच्या सुट्टीचं विचारलं. टाचणीने पुढच्या महिन्यात मशीन उचलून दुकानाच्या खिडकीशी मांडलं. सकाळी शिवण, दुपारी तंगूस. दारात गिऱ्हाईक आलं की दादा आतून हाक मारतो, "कुठल्या पाण्यावर जाणार ते आधी विचार गं!"