उपासाची गोळी

मला फेफरं यायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात ही गोष्ट बायका एकमेकींच्या कानात सांगत आणि त्या कुजबुजीचा मला भारी राग. बाराव्या वर्षी पहिल्यांदा पडले. पंधराव्या वर्षी चुलीपाशीच पडले, त्याचा डाग डाव्या मनगटावर अजून आहे. तेव्हापासून आईच्या जिवाला एकच घोर लागला, पोर पुन्हा विस्तवात पडता कामा नये.

कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, अंगारे झाले. चप्पल हुंगवणाऱ्यांना दर वेळी घरातली सगळ्यात जुनी चप्पलच कशी सापडायची, देव जाणे! शेवटी राहात्याच्या बाजूला मिशनचा दवाखाना होता, तिथल्या गोळ्या सुरू झाल्या. पांढऱ्या, कडूजार, सकाळी एक नि रात्री एक. आठ महिने मी पडले नाही.

पण तिथला कंपाउंडर निघाला खरं बोलणारा. ख्रिस्ती माणूस, बोलका, हसरा. आईनं सहज विचारलं, "दादा, येवढ्याशा गोळीत आसतंय तरी काय?"

"औषध म्हनाल तर मोहरीएवढं, बाई. बाकी पीठ, गोळी बांधायला."

"कशाचं?"

"इलायतेतनं येती. गव्हाचं आसंल, न्हाईतर मक्याचं."

झालं! आई माळकरी. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, चतुर्थी, शिवाय माझं दुखणं जावं म्हणून श्रावणातले शनिवार-सोमवार, आणि हे सगळे उपास माझ्याकडूनही करवून घेतलेले. उपासाला धान्य चालत नाही, मग धान्याची गोळी कशी चालावी? मी म्हटलं, "अगं, मुंगीच्या डोळ्याएवढं पीठ ते!"

"पाप काय मापानं मोजत्यात व्हय?" आई म्हणाली.

लढाईचे दिवस होते. रेशनच्या ज्वारीतून खडे, माती, किडे, काय वाट्टेल ते पोटात जात होतं. त्याचं कुणाला काही नाही, आणि गोळीतलं पीठ मात्र आईला सलत होतं. उपासाच्या दिवशी गोळी बंद झाली.

त्या श्रावणात शनिवार, एकादशी आणि सोमवार ओळीनं आले. तीन दिवस गोळी नाही. सोमवारी दुपारी आई पाण्याला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "भगर खाली लागंल, जरा हलीव." एरवी मला चुलीकडे फिरकू न देणारी बाई ती, पण आठ महिन्यांत तिला धीर आला होता. मी पळी हातात घेतली एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा भगर जमिनीवर सांडलेली, माझ्या वेणीचं टोक करपलेलं आणि माझं डोकं आईच्या मांडीवर. जीभ जड झाली होती, तरी तिला हसवायला म्हटलं, "भगर गेली. आता निरंकारच घडला."

ती हसली नाही. "माज्यापायी झालं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिंगाड्याच्या पिठाचा डबा काखेत मारून ती मला घेऊन दवाखान्यात हजर. "दादा, उपासापुरत्या गोळ्या ह्या पिठात बांधून द्या. आन् आधी हात धुवा."

"त्ये तर आमी दिसभर करतो, बाई," म्हणत त्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि डबा घेऊन पडद्याआड गेला. बराच वेळ खल वाजला. मग हरभऱ्याएवढ्या मळकट गोळ्या हिरव्या कागदात बांधून त्यानं आईच्या हातात दिल्या. असल्या गोळ्या की गिळताना मला बैलासारखी मान वर करावी लागायची. पावसाळी हवेत त्यांना बुरशीही यायची, मग पुन्हा डबा घेऊन दवाखाना गाठायचा. पण गोळी एक दिवस चुकली नाही आणि मी पुन्हा पडले नाही.

तीनेक वर्षांनी कंपाउंडरची बदली झाली. मी निरोप द्यायला गेले तर तो ओशाळून म्हणाला, "पोरी, येक कबूल करतो. औषधाची सुटी पावडर दवाखान्यात कधी आलीच न्हाई. त्याच पांढऱ्या गोळ्या कुटून तुज्या आईच्या पिठात मळत हुतो."

म्हणजे दर एकादशीला ते पीठ माझ्या पोटात जातच होतं! मला असं हसू फुटलं की रस्ताभर आवरेना. घरी आले तर आई सुपात ज्वारी निवडत बसलेली. "आये, तुझ्या समद्या एकादश्या बुडाल्या गं!" म्हणत मी तिला सगळं सांगितलं.

आईचा हात काही थांबला नाही. "मला भैरी समजतीस व्हय? खल वाजत हुता त्यो. पावडर आसती तर कुटायची कशाला? पैल्याच दिशी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले आसते, तर तुला गोळी कोन्त्या तोंडानं दिली आसती?" तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "तवा मी तोंड फिरवलं. इठ्ठलाला म्हनलं, तूबी फिरीव."