परकोटावरच्या पिंपळाची मुंज

अमरावतीच्या परकोटाला वेशी आहेत, तशा खिडक्याही आहेत. परगावच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, की आमची खिडकी नुसतं डोकं बाहेर काढण्याची नव्हे. डोक्यावरच्या टोपलीसकट अख्खा माणूस बाहेर काढण्याची. अशाच एका खिडकीतून फुलवाल्या पार्बताबाई रोज पहाटे शहरात येत. मळा परकोटाबाहेर, देव आणि गिऱ्हाइकं आत. त्या निळसर उजेडात आधी मोगऱ्याचा वास आत शिरे, मग टोपली, मग बाई. अर्धवट झोपेत आम्हाला वाटे, भिंतीलाच स्वप्न पडलंय आणि ते लुगडं नेसून चालत येतंय.

परकोटावर गावाचं फार प्रेम. इतकं, की त्या प्रेमानंच भिंत वाकली होती. कोणी तिच्यावर गोवऱ्या थापी, कोणी तिच्या आडोशाला म्हैस बांधी. आणि एखादा दगड सैल झालाच, तर ‘उगाच कोणाच्या डोक्यात पडायचा’ अशा भूतदयेनं कोणी तो घरी नेऊन त्यावर चटणी वाटी.

पार्बताबाईंचं प्रेम मात्र सगळ्यांत घातक. खिडकीच्या कमानीवर, दगडांच्या फटीत, एक पिंपळ उगवला होता. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या रोज दगडावर चढत, तांब्या उंचावत आणि म्हणत, “घे रे बापू.” बापू पाणी पिऊन मुळं पसरी, आणि कमान थोडी आणखी उले. ज्या वाटेवर बाईंचं पोट, ती वाट बाईंचाच लेक पाडत होता. घरोघरी तेच असतं म्हणा!

अशात नागपूरहून हुकूम आला, की जुनी बांधकामं जपा. जपायला आले ओव्हरसियर वामनराव. पुण्याकडचे, बोलणं शुद्ध आणि इस्त्री केलेलं. शिडी लावून त्यांनी कमान पाहिली.

“हे झाड तोडावं लागेल. नाहीतर पावसाळ्यात कमान कोसळेल, आणि मग ही खिडकी कायमची बुजवावी लागेल.”

“काहून?” पार्बताबाईंनी खालून विचारलं.

“काहून म्हणजे?”

“काहून म्हंजे कावून!”

आमच्याकडे ‘का’ला ‘काहून’ म्हणतात, हे पुण्याला कोण सांगणार! वामनरावांनी शिडीवरच डोकं धरलं.

पण पिंपळाला करवत लावायला एकही गडी धजेना. निर्वंश कोणाला हवा? शेवटी वामनराव म्हणाले, “ठीक. सोमवारी मीच कापतो.”

त्या दिवशी बाईंची फुलं टोपलीतच सुकली. लेक वाचवावा तर वाट जाते, वाट वाचवावी तर लेक. संध्याकाळी त्यांचे यजमान नत्थुजी खिडकीशी येऊन बसले. नत्थुजी वर्षातून दोनदा बोलत, आणि तेही बहुधा बैलाशी.

“कितवं लागलं पोराले?” त्यांनी विचारलं.

“आठवं.”

“मंग मुंज लाव. मुंज झाल्यावर पोरगं घरी रायते का? गुरूच्या घरी जाते.”

एवढं बोलून ते मोटेकडे निघून गेले.

पिंपळाची मुंज आमच्याकडे नवी नाही. तरी जोशीबुवांनी कुरकुर केलीच. “बाई, माळ्याच्या पोराची मुंज कशी लावू?”

“पोरगं माहं असन, पन झाडाइतला बामन हाय न तो! तुमीच तं सांगता पुरानात.”

जोशीबुवा शिडी चढले.

सोमवारी वामनराव करवत घेऊन आले, तो खिडकीला आंब्याचं तोरण, खाली सनई, आणि वर लंगोटी आणि जानवं घालून वाऱ्यावर डुलणारा बटू! जोशीबुवा एका हातानं शिडी आणि दुसऱ्यानं धोतर सांभाळत मंगलाष्टकं म्हणत होते. अक्षता सगळ्या त्यांच्याच डोक्यावर पडत होत्या.

“मुलाचा मामा कुठाय? मुलाला उचलून न्यायला मामा लागतो,” ते वरून ओरडले.

“मले भाऊ नाही,” पार्बताबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांची नजर वामनरावांवर गेली. “नाही कसा? हा काय आला माहा भाऊ!”

“अहो बाई, मी सरकारी कामावर आहे.”

“मंग मामा सरकारी!” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

वामनराव नको-नको म्हणेपर्यंत खांद्यावर शेला आला आणि हातातल्या करवतीच्या जागी नारळ. आणि मामा भाच्याला कापतो कसा? नत्थुजींनी पहारीनं फट मोकळी केली, पण मुळांनी कमानीचे दोन दगड मिठीत धरले होते. ते सुटेनात.

“दगड सरकारी आहेत,” वामनराव पुटपुटले.

“मामाचा आहेर,” नत्थुजी म्हणाले. त्यांचं त्या वर्षाचं बोलणं इथं संपलं.

मग ती वरात निघाली. वामनरावांच्या खांद्यावर पिंपळ, मुळांत दगड, मागे आम्ही सगळे. उन्हात पानं चमकत होती, सनई दूर कुठंतरी पाण्याखाली वाजल्यासारखी येत होती. म्हातारी भिंत एक तुकडा नातवाच्या हाती देऊन फिरायला धाडतेय, असंच वाटलं. मळ्यातल्या विहिरीजवळ बटू दगडांसकट गुरुघरी बसला. कमानीत चुना भरला गेला, नवे दगड बसले, खिडकी वाचली.

पण लेक रुसला. त्यानं सगळी पानं टाकली. पार्बताबाई पहाटे येत, पण कमानीकडे मान वर करत नसत. वामनराव मात्र रोज मळ्यात जात. विचारलं तर म्हणत, “सरकारी दगडांची पाहणी.”

एके पहाटे, बाई खिडकीतून आत येतात तोच, मागून वामनराव टोपीशिवाय धावत आले.

“ताई, पान! पान!”

“एवढ्या सकाळी पान खाता का, भाऊ?”

“अहो खायचं नाही! बापूले पान फुटून राह्यलं!”

पार्बताबाईंनी टोपली खिडकीतच ठेवली आणि त्या उलट्या फिरल्या. आमच्या आळीतले सगळे देव त्या दिवशी दुपारपर्यंत बिनफुलांचे बसून होते.