ओटी भरलेली जागा

आमच्या घरासमोरच्या प्लॉटवर नवं मार्केट उठणार ही बातमी वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरी मेघेत पसरली तेव्हा मी फ्रॉक घालत होते, आणि माझ्या अंगाला हळद लागली तेव्हाही ते उठायचंच होतं. मधल्या काळात आमच्या घरांच्या ओळीतली माणसं त्या प्लॉटबद्दल जेवढी बोलली, तेवढी देवाशीसुद्धा बोलली नसतील. आजही कुठे अर्धवट बांधकाम दिसलं की मला राग येतो.

प्लॉट तसा साधाच होता. सकाळी तिथे बोरगावकडून येणाऱ्या भाजीवाल्या बसायच्या. तान्ह्या पोळ्याला आम्ही पोरंपोरी लाकडी नंदी ओढत तिथेच जमायचो. मग वर्ध्याच्या एका शेठने तो एका शेतकरी घराकडून विकत घेतला आणि सांगून टाकलं, की खाली दुकानांचे गाळे निघणार आणि ते आधी ओळीतल्या लोकांनाच भाड्याने मिळणार. झालं. प्रत्येकाने मनातल्या मनात दुकान थाटलं. शेजारच्या मास्तरांना वह्या-पुस्तकांचं काढायचं होतं, कोपऱ्यावरच्या काकूंना पिठाची चक्की टाकायची होती, आणि माझ्या आईला शिलाईचं दुकान हवं होतं.

आई ब्लाउज शिवायची. बाबा गावातल्या कापसाच्या जिनात कामाला होते. जिन बंद असे त्या महिन्यांत घर आईच्या मशीनवरच चालायचं. घर दोन खोल्यांचं, आणि उजेड येईल अशी खिडकी एकच, प्लॉटच्या बाजूची. तिच्याखाली मशीन. विजेचा दिवा होता म्हणायला, पण संध्याकाळी त्याची तार नुसती लाल व्हायची. आईचे डोळे तेव्हाच दुखायला लागले होते. तिला गल्ला, पाटी, गिऱ्हाइकांसाठी बाक असलं काही नको होतं. तिला उजेड हवा होता.

"दारातच मशीन ठेवीन," ती म्हणायची. "उगवतीचं ऊन सरळ सुईवर येईन. काळ्या कपड्यावर काळा धागाबी दिसन मंग."

भूमिपूजनाला शेठच्या घरच्या बायका आल्याच नाहीत. जागेची ओटी भरायला भटजींना सवाष्ण हवी होती, तेव्हा सगळ्यांनी आईला पुढे केलं. ती घरात आली, पेटी उघडली आणि स्वतःसाठी ठेवलेला हिरवा खण काढला. दुसऱ्यांचे ब्लाउज शिवता शिवता तो शिवायचा राहूनच गेला होता. खोदलेल्या खड्ड्याशी बसून तिने हळदकुंकू वाहिलं, तांदूळ, नारळ, हळकुंड आणि तो खण जमिनीच्या ओटीत घातला. उठताना जमिनीला हात लावून काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं, तर सांगितलं नाही. पण त्या दिवशी स्वयंपाक करताना ती गुणगुणत होती.

पाया झाला, खांब उभे राहिले, आमच्या बाजूची, गाळ्यांच्या पाठीमागची, एक भिंत पुरुषभर उंच गेली आणि काम थांबलं. आधी म्हणाले, सिमेंट परमिटवर आहे, मिळत नाही. मग शेठच्या भावाभावांत वाटणीचा वाद सुरू झाला. मग ठेकेदारच पळाला. कारणं बदलत गेली, भिंत मात्र जागची हलली नाही. ती नेमकी आमच्या खिडकीसमोर होती. मशीनवर येणारं सकाळचं ऊन तिने अडवलं ते अडवलंच.

पायाच्या खड्ड्यांत पावसाळाभर पाणी साचायचं आणि त्यात डुकरं लोळायची. डासांनी ओळीत कोणाला सोडलं नाही. भाजीवाल्या उठल्या त्या परत आल्या नाहीत, त्यामुळे सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीसाठीसुद्धा गावात जावं लागे. कोणी काही देतो म्हणाला आणि दिलं नाही, की लोक म्हणायचे, "देईन तो, मार्केट उठन तवा." माझ्या लग्नाचा विषय निघाला की काकू हेच म्हणून मला चिडवायच्या. मी हसायचे, पण मला ते आवडत नसे.

एकदा सगळे मिळून शेठकडे गेले. मास्तर पुढे, आई सगळ्यात मागे, आणि तिच्या पदराला मी. शेठ गोड माणूस. त्याने चहा पाजला, मास्तरांच्या तब्येतीची चौकशी केली.

"मास्तरजी, काम तो करनाही है," तो म्हणाला. "तुम्ही घरचे लोक हाय. थोडी सबर करा."

सबर करा म्हणणाऱ्याच्या घराला चारी बाजूंनी खिडक्या होत्या. परतताना मास्तर म्हणाले, "चहा मात्र चांगला होता," आणि सगळे हसले. आई हसली नाही.

मी कॉलेजात होते तेव्हा बाबांनी एक जागा आणली. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं वर्ध्यात कापडाचं दुकान होतं. त्याच्या ओसरीत शिंप्याची जागा रिकामी झाली होती. ओसरी पूर्वेची. बाबा घाईघाईने सायकल भिंतीला टेकवून आत आले आणि आईला सांगितलं. ती नाही म्हणाली.

"काऊन नाई म्हणतं?" बाबांनी विचारलं.

"ओटी भरली हाय मी तिची," आई म्हणाली. "तिले टाकून दुसरीच्या दारात मशीन मांडू?"

"अवं, जागा हाय ते. तुही लेक नाई."

"लेक असती तं तोंडानं बोलली असती. तिले बोलता येत नाई म्हणून मीच सोडून देऊ?"

मी खूप भांडले. खणा-नारळाने जमीन कोणाची होत नसते, शेठला तुझं नावसुद्धा आठवत नसेल, असं सगळं बोलले. ती मशीनच्या चाकाला तेल घालत राहिली. तिच्या लेखी तो शब्द होता, आणि तिने तो जमिनीला दिला होता. शेठचा त्यात काही संबंधच नव्हता. काही दिवसांनी ओसरीत दुसरा शिंपी बसला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, लग्नसराईत, काळ्या मखमलीचा एक ब्लाउज तिच्याकडे आला. घरात तिला टाका दिसेना. दुपारी ती उठली आणि बाबांना म्हणाली, "मशीन उचला." बाबांनी आणि मी ते जड मशीन धरून रस्ता ओलांडला आणि बिनछताच्या गाळ्यात नेऊन ठेवलं. ऊन स्वच्छ होतं. आई शिवायला बसली. मशीनचा आवाज ऐकून काकू आल्या, मग आणखी बायका आल्या. कोणी मुरमुरे आणले. मास्तर घरून खुर्ची घेऊन आले, शेजारच्या दोन खांबांमध्ये टाकली आणि म्हणाले, "हे माह्यं दुकान. वह्या उद्या येऊन राह्यल्या." सूर्य कलेपर्यंत आम्ही तिथे होतो. एवढी खूश मी आईला पुन्हा पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस बैलगाडीभर बाभळीच्या काट्या घेऊन आला आणि गाळ्यांची तोंडं बंद केली. "बाई, उद्या खांब-भिंत अंगावर पडली तं जिम्मेदार कोण?" तो आईला म्हणाला. त्याचं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच मला जास्त चीड आली. आईने खिडकीखाली मशीन पुन्हा मांडलं.

मग हळूहळू तिची शिलाई वाकडी व्हायला लागली. बायकांनी काही दिवस सांभाळून घेतलं आणि मग त्या दुसरीकडे जाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस सुकत चालली आहे, गेलेलं परत येत नाही. अंधाराने नस सुकत नाही, असंही त्यांनी मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. लग्नानंतर माहेरी आले की मी सुयांमध्ये दोरे ओवून एका चिंधीत टोचून ठेवायचे. पुढच्या खेपेला येई तेव्हा त्या सगळ्या तशाच असायच्या.

मी माहेरी असतानाच एकदा कळलं की शेठच्या पोरांनी प्लॉट विकला. नव्या मालकाने जुने खांब पाडले, ती भिंतही पाडली. आमच्या खिडकीतून पुन्हा मशीनवर ऊन आलं. मशीनवर तेव्हा चादर टाकलेली होती. मग तो नवा मालक स्वतः घरी आला. नम्र, तरुण माणूस. भूमिपूजन आहे, ओळीतल्या जुन्या सवाष्णीच्या हातून ओटी भरायची आहे, म्हणाला. त्याला मागचं काही माहीत नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई हो म्हणाली.

"काऊन जातं?" तो गेल्यावर मी विचारलं. "काय देलं त्या जागेनं तुले?"

"तिची काय चूक हाय त्याच्यात?" आई म्हणाली. "पेटीतून खण काढ."

मी तिला हाताला धरून नेलं. ती खड्ड्याशी बसली, हातांनी माती चाचपली आणि थांबली.

"उगवत कोणीकडं हाय?" तिने मला हळूच विचारलं.

ऊन समोरून सरळ तिच्या तोंडावर होतं. "तू तिकडंच पाहून राह्यली," मी म्हणाले. तिने ओटी भरली, जमिनीला हात लावला. या वेळी ती काही पुटपुटली नाही. परत येताना मात्र रस्त्यात थांबली.

"गाळ्याचं तोंड उगवतीकडंच राहीन ना?"

"हो, उगवतीकडंच."

"मंग उजेड चांगला येईन," ती म्हणाली. "ज्याले भेटन, त्याले."