अक्कांच्या चित्रातला जिना

१२ डिसेंबर. सकाळी बोचरी थंडी, दुपारी लख्ख ऊन. माझ्या डायरीत त्या दिवशी पुढे लिहिलंय, 'अक्कांच्या चित्रातून जिना काढला. चित्र छान दिसते.' या एका ओळीनं माझी काय शोभा केली, ते चहा निवायच्या आत सांगतो.

सावद्याच्या नानांना जुन्या घरावर मजला चढवायचा होता. खरं तर त्यांच्या बायकोला, अक्कांना. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणार, तिचा झोका वरच्या गॅलरीत बांधायचा, एवढा एकच हट्ट. घर समोरून कसं दिसेल ते मी कॉम्प्युटरवर दाखवलं. अक्का म्हणाल्या, "भाऊ, सारं चांगलं हाये, पण हा जिना झोक्याच्या आड येतो. चित्रात मले नको दिसाले."

एवढंच ना? जिन्यावर टिचकी मारली, डिलीट दाबलं. झोका मोकळा!

आता मी पडलो हातानं नकाशे काढून वाढलेला माणूस. प्लॅनचा कागद वेगळा, दर्शनी बाजूचा वेगळा. एकावर खोडलं तर दुसऱ्याला पत्ता नसतो. सॉफ्टवेअर मी माझं मीच शिकलो, म्हणजे अर्धं शिकलो. त्यात घर एकच असतं आणि सगळे नकाशे त्या एकाच घराकडे बघत असतात. जिना त्या चित्रापुरता लपवायचा होता. मी तो घरातूनच काढला! मग नऊच्या नऊ कागद छापले, दारं-खिडक्यांचे नंबर दोनदा ताडून पाहिले आणि प्रत्येकावर 'तपासले' लिहून सही ठोकली.

आखाजीला चार दिवस उरले तेव्हा काम बघायला गेलो. गॅलरीचा कठडा भक्कम, कुठे फट म्हणून नाही. साक्रीकडचे गवंडी वामनआबा बांबूच्या परांचीवर बसले होते.

"आबा, जिना?"

"नकाशामा कोठे शे, भाऊ?"

त्यांनी मला मध्यंतरी फोनवर विचारलंही होतं. मी काय सांगितलं असेल? 'कागदावर आहे तेवढंच बांधायचं, आपलं डोकं चालवायचं नाही.' आबांनी ते शब्द मला जसेच्या तसे परत केले.

अक्का झोक्याच्या कड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चित्रातला काढला, तो खराच काढला व्हय?"

लोखंडी जिना आखाजीनंतर आठव्या दिवशी बसला. आखाजीला अक्का, लेक आणि तिच्या चार मैत्रिणी रंगाऱ्याच्या अकरा पायऱ्यांच्या शिडीने वर गेल्या. झोका दहा ते सव्वाएक चालला. चहा तीनदा वर गेला. तिन्ही वेळा किटली घेऊन शिडीवर मी होतो.