चैतालीचं अर्धं उत्तर

तामलवाडीच्या अंगणवाडीत मालनबाई मदतनीस होत्या. नवरा लवकर गेला. खिचडी शिजवत, गावची पोरं सांभाळत त्यांनी एकुलत्या लेकीला, पौर्णिमाला, नर्सिंग शिकवलं. ती आयर्लंडला दवाखान्यात लागली, लातूरकडच्या प्रेमानंदशी लग्न झालं आणि तिकडंच चैताली जन्मली.

चैताली चार वर्षांची असताना पौर्णिमा तिला घेऊन सुट्टीला आली, ती परत गेलीच नाही. मारहाण नव्हती, पण नवऱ्यानं घरात बोलणंच टाकलं होतं.

"आई, भिंतीसंगं किती दिवस राहू?"

मालनबाईंनी पुढं काही विचारलं नाही. नात आजीचा पदर धरून अंगणवाडीत जाऊ लागली. पोरांच्या पंगतीत बसून "मला बी वाढ की" म्हणायला शिकली. कधी मात्र झोपेतून उठून पप्पाला हाका मारायची.

प्रेमानंद तिकडच्या कोर्टात गेला. हुकूम निघाला: मुलीचं राहतं घर आयर्लंडमध्ये, बापाला न विचारता नेली, परत आणा. पौर्णिमा गेली नाही, तेव्हा त्यानं संभाजीनगरला हायकोर्टात धाव घेतली.

"तिथल्या कोर्टाचा हुकूम हितं कसा चालंल?" मालनबाईंनी वकील उमादेवींना विचारलं.

"जसाच्या तसा नाही चालत, मावशी. तिथलं कोर्ट बघतं, मूल राहत कुठं होतं. आपलं कोर्ट तेही बघतं, पण शेवटी विचारतं, मुलीचं भलं कशात आहे."

"मग झालं की! भलं तर हितंच हाय."

उमादेवींनी फायलीत पुढची तारीख लिहून घेतली.

जज्जसाहेबांनी चैतालीला एकटीला आत बोलावलं. ती बाहेर आल्यावर मालनबाईंनी तिला जवळ ओढलं. "काय इचारलं गं सायबानं?"

"कुठं राहायचं म्हणाले. मी म्हणलं, पप्पाच्या घरी. मम्मीला आन आज्जीला घेऊन."

निकाल लागला तेव्हा उमादेवींनी तो मराठीत समजावून सांगितला. मुलीला वडिलांच्या घरी राहायचंय. नागरिकत्व तिथलं. आई-बाप दोघं तिथंच मिळतील, म्हणून भलंही तिथंच. आईनं सोबत जावं, बापानं तिच्यासाठी वेगळी जागा बघावी.

"आन आज्जीला घेऊन म्हणली, त्येचं?"

"ते यात नाही, मावशी."

"म्या हक्क मागत न्हाय, बाई. पोरगी बोलली तेवढं तरी पुरं लिवायचं."

पौर्णिमा लेकीबरोबर गेली. तिथं पुन्हा खटला उभा राहिला. चैतालीचा आठवडा आई-बापांत वाटला गेला आणि बापाच्या संमतीशिवाय मुलीला देशाबाहेर न्यायचं नाही, असं ठरलं. प्रेमानंद संमती देईना. एकदा नेली तर पुन्हा कोर्ट करावं लागेल, ही त्याची भीती. चैतालीला ठेवून यायला पौर्णिमाचं मन होईना. मालनबाईंनी व्हिसासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला.

पुढच्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या पायरीवरून पडून मालनबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. शेजारच्या सोनालीनं पौर्णिमाला कळवायला मोबाईल काढला, तर मालनबाईंनी तिचा हात धरला.

"नगं सांगू. ती आली तर पोरगी तिकडं एकटी पडंल."

महिन्याभरानं व्हिडिओ कॉलवर चैताली भराभर इंग्रजीत बोलत होती. मालनबाई खाटेवर बसून हसत मान डोलवत होत्या. फोन ठेवल्यावर सोनालीनं विचारलं, "काय म्हणत होती?"

"कुणाला ठावं," मालनबाई म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.