साहेबांचा लाडका हब

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी तीन वर्षं नेटवर्क सांभाळलं, तिथे पंपांचे सुटे भाग बनत आणि मॅनेजरसाहेबांच्या मताला तोड नसे. साहेब सरकारी कंपनीतून निवृत्त होऊन आलेले, मूळचे पुण्याचे. मी निपाणीची. पहिल्याच दिवशी "अरे वा, आपलं माणूस!" म्हणत त्यांनी मला कॉफी पाजली होती. मालकांशी ते इंग्रजीत बोलायचे, कामगारांवर हिंदीत ओरडायचे, आणि मला नकार द्यायचे ते मात्र अस्सल मराठीत.

मी मागत होते एक स्विच. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मशीन शॉपमधला एक कॉम्प्युटर अशी सगळी वरात एका जुनाट हबला जोडलेली होती. हब म्हणजे निव्वळ ढ पेटी. एकाने दुसऱ्याला काही पाठवलं की हब ते उरलेल्या सगळ्यांकडे धाडतो. ज्याचं नसेल त्याने ते सोडून द्यायचं, एवढाच शिष्टाचार. शिवाय एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया, पुन्हा पहिल्यापासून. स्विच दिसायला तसाच असतो, पण कोणत्या तारेच्या टोकाला कोण बसलंय हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो. हे मी साहेबांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते मला हात धरल्यासारखे हबपाशी घेऊन गेले.

"हा केशरी दिवा बघ. कसा लुकलुकतोय! बिघडलेली वस्तू अशी लुकलुकते का?"

"सर, तो दिवा डेटाची टक्कर झाली की लागतो."

"टक्कर होते म्हणजे काम चालू आहे ना? रिकाम्या रस्त्यावर कधी टक्कर होते का?"

बंगळुरूच्या रस्त्यांवर निम्मं आयुष्य घालवलेल्या माणसाला टक्कर हे प्रगतीचं लक्षण वाटणारच.

मग एक दिवस मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस आले. त्यांच्यासमोर एक भाग कापून दाखवायचा होता आणि त्याचं ड्रॉइंग डिझाइनच्या टेबलावरून मशीन शॉपला जायचं होतं. ते निघालं, पण पोचेना. त्याच वेळी हिशेबखात्याने कसल्या तरी फायलींचे गठ्ठे त्याच हबवरून पाठवायला घेतले होते. तपासनीस पाऊण तास मशीनसमोर उभे राहिले आणि चहाही न घेता गेले. मालक कमी बोलणारे कन्नड गृहस्थ. ते मला एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी मला कारण पाहिजे. सरी?" सरी म्हणजे ठीक.

दुपारी मी हबच्या रिकाम्या भोकात माझा लॅपटॉप जोडला आणि तारेतून काय काय जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला. गर्दी किती होते एवढंच पाहायचं होतं. पण आमची ऑफिसची मेल व्यवस्थाही हबच्याच वयाची, मेल उघडीच फिरायची. तीन वाजता त्या गर्दीत मला माझं नाव दिसलं. साहेबांनी मालकांना लिहिलं होतं. पहिली ओळ मी चुकून वाचली, पुढच्या अकरा मुद्दाम. नेटवर्कचा सगळा घोळ या मुलीच्या अननुभवामुळे होतो, महिनाअखेर तिला मोकळं करावं, होसकोटेला आपला एक भाचा आहे, फार हुशार आहे.

आधी वाटलं, जाऊन तोंडावर वाचून दाखवावं. मग वाटलं, निपाणीला फोन करून रडावं. शेवटी दोन्ही केलं नाही. लॅपटॉप मिटला आणि उद्या काय करायचं ते ठरवलं.

सकाळी मालकांच्या केबिनमध्ये साहेब आधीच बसलेले. मालक म्हणाले, "साहेब म्हणतात, तुमचा अनुभव स्वल्प कमी पडतो."

"पडत असेल, सर. दोन मिनिटं द्या." मी केबिनमधल्या प्रिंटरची तार काढून माझ्या लॅपटॉपला लावली आणि साहेबांना म्हटलं, "तुमच्या जागेवरून मालकांना एक ओळ पाठवता का? काहीही लिहा."

साहेब ऐटीत गेले आणि ऐटीत परतले. मालक माझ्या पडद्यावर वाकले आणि ती इंग्रजी ओळ सावकाश वाचू लागले, "नेटवर्क उत्तम चालू आहे, काळजी नसावी." मग त्यांनी मान वर केली. "हे माझं मेल. तुमच्याकडे कसं आलं?"

"हबने आणलं, सर. तो सगळ्यांनाच वाटतो. बाकीचे बघत नाहीत, इतकंच."

साहेबांचे कान हळूहळू लाल होत गेले. मग ते खालच्या आवाजात, मराठीत म्हणाले, "काल पण असं जोडलं होतंस?"

"हो सर. तीनच्या सुमाराला."

मालकांना मराठी येत नव्हतं. त्यांनी कन्नडमध्ये मला विचारलं, "काय म्हणतात साहेब?"

"विचारतायत, स्विच कधी बसवता येईल."

'स्विच' एवढा एकच शब्द कळला, तरी साहेबांनी इतक्या जोरात होकाराची मान हलवली की चष्मा घसरला.

दुसऱ्या दिवशी स्विच आला. मी जेवणाआधी तो बसवला आणि तेच ड्रॉइंग बघता बघता मशीन शॉपला पोचलं. माझी नोकरी राहिली. भाच्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मालकांनी साहेबांचं ते आधीचं मेल वाचलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. साहेब पाहुण्यांना स्विच दाखवून "माझ्या आग्रहाने घेतला" असं सांगू लागले, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवत असे.

दोन दिवस मी विजयाच्या तोऱ्यात होते. तिसऱ्या दिवशी आठवलं, की हिशेबखात्यातल्या मैत्रिणीला मी रोज मेल करायचे. त्यात साहेबांच्या चालण्याची, टकलावर आडव्या ओढलेल्या केसांची आणि त्यांच्या ज्ञानाची साग्रसंगीत वर्णनं असत. ती सगळी त्याच हबने इमानदारीने साहेबांच्या कॉम्प्युटरपर्यंत नेऊन पोचवली होती. मी वाचले ते एवढ्याचमुळे, की हब म्हणजे काय हे साहेबांनी तीनदा ऐकूनही समजून घेतलं नव्हतं.