चटणीवर ओतलेलं औषध

आमच्या यांचा कॅन्सर बरा झाला असं डॉक्टर म्हणाले, पण पाठीतली कळ काही जाईना. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. शेवटी आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंनी विजयाचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे भांगेचंच झाड, हे त्यांनी लपवलं नाही. वर नियम इतके घातले की मला वाटलं, औषध देतायत की सोवळं शिकवतायत! थेंब मोजूनच द्यायचे. जिभेखाली धरायचे, लगेच गिळायचे नाहीत. उतार पडेना म्हणून वाढवायचे नाहीत. सोबत झोपेची गोळी नको, घेतल्यावर गाडीला हात नको, आणि बाटली कायम कुलपात.

तेवढ्यात कानडी मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीहून वन्सं आल्या, यांची थोरली बहीण. चप्पल काढता काढताच अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गं, माझ्या भावाला गांजा पाजतीस म्हणं?"

"गांजा न्हाय वन्सं, औषध हाय. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"आमच्या गावात देवळामागं बसत्यात की असले डॉक्टर! चिलीम बी दिली असंल संगं!"

मी राग भांड्यांवर काढला, जोरात आपटली.

जेवताना टोमणा, चहाला टोमणा. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या तम्माला बायकोनं नशेला लावलंय." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

एका दुपारी यांना थेंब दिले, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली देवघरातल्या खिळ्याला अडकवली आणि गिरणीत दळण आणायला गेले. इकडं यांना कळ आली. या औषधाचा गुण यायला वेळ लागतो, पण बहिणीला कुठला धीर? कालपर्यंत जे विष होतं, तेच आता कमी पडायला लागलं. "एवढ्याशा थेंबानं चिमणीचं तरी दुखणं थांबंल का!" म्हणत वन्संनी कपाट उघडलं. तेल कडू लागतं म्हणून शेंगाच्या चटणीवर ओतलं. आमच्या सोलापुरात चटणीवर तेल घालताना कुणी हात आखडत नाही. त्यांनीही आखडला नाही. वर भाकरी चुरून भावाला भरवली. हे सगळं नंतर त्यांनीच सांगितलं, तेही तोऱ्यात.

मी आले तर हे भिंतीला धरून उभे. "घर फिरतंय," म्हणाले आणि भडाभडा ओकले. मग मलाच ओळखेनात. डॉक्टरीणबाईंना फोन केला. "बाटली घ्या आणि आत्ताच्या आत्ता रिक्षानं मोठ्या दवाखान्यात न्या," त्या ओरडल्याच. दवाखान्यात सगळे यांच्या श्वासावर लक्ष ठेवून होते. वन्सं बाहेर बाकावर बसून मला म्हणतात, "बघितलंस? मी म्हणत हुते, गांजाच हाय!"

माझा भडका उडाला. "आमटीत मूठभर मीठ टाकायचं आन् मिठालाच इख म्हणायचं व्हय वन्सं? ओतलं कुणी?"

"माझा भाऊ कन्हत हुता! तुझ्यासारखं दगडाचं काळीज न्हाय माझं."

हे बरे होऊन घरी आले, पण खरी पंचाईत पुढंच होती. डॉक्टरीणबाईंनी आधीपेक्षा कमी थेंबांपासून परत सुरू करायला सांगितलं, तर हे घ्यायलाच तयार होईनात. ड्रॉपर जवळ नेला की ओठ घट्ट. कळ परत आली, उशी चावायला लागले. आणि वन्सं उशाशी बसून, "नगं घिऊ तम्मा, नगं घिऊ." वर माझ्याकडं बघून, "हिला कुंकू पुसायची घाई झालीया."

हे यांनी ऐकलं. तोंडातली उशी बाजूला सारली. मग म्हणाले, "अक्का, पिशवी भर. गावाला जा."

"मी जाऊ? मी?"

"व्हय. तू हितं असलीस की तुला बरं वाटावं म्हणून मी कळ सोसत बसतो. आता न्हाय सोसवत."

वन्संनी पदर झटकला, मला नजरेनं भाजून काढलं आणि आतल्या खोलीत आदळआपट करत पिशवी भरायला लागल्या. मी थांबा म्हटलं नाही. एस्टीपर्यंत सोडायलाही गेले नाही आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या आत आपटत असतानाच यांनी माझ्याकडं बघून तोंड उघडलं, जीभ वर उचलली. मी मोजून थेंब सोडले.